करड्या पाण्यावरची ओळ

प्रिय आई,

हॅम्बुर्गमध्ये आज माझ्या चित्रांचं प्रदर्शन सुरू झालं. मी इथलंच बंदर रंगवलं होतं. कलादालनाच्या केसलरबाई आधीच म्हणाल्या होत्या, "छान आहे, पण यात इराण कुठे दिसतं? थोडी तुमची अक्षरं घाला ना."

मी वाद घातला नाही. सगळ्यात मोठ्या चित्रात, करड्या पाण्यावर, वळणदार फारसीत एकच ओळ लिहिली: 'आई, मला इथे करमत नाही.'

लोक थांबून वळणांचं कौतुक करत होते. केसलरबाईंना ती प्रार्थना वाटली. मीही मान डोलावली.

संध्याकाळी तूरान खानम नावाच्या एक आजी आल्या. तरुणपणीच तेहरान सोडून आलेल्या. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली.

"पोरी, आईला सांगितलंस हे?"

"नाही. फोनवर मी मजेत असते."

"मीही असायचे," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला ते शेवटपर्यंत खरं वाटलं. सुखाने गेली बिचारी. मला मात्र अजून तिच्याशी बोलायचंय."

घरी येऊन हे लिहिलं. पाकिटावर रश्तच्या आपल्या घरचा पत्ता घातलेला नाही. शुक्रवारी तुझा फोन आला की नेहमीसारखंच बोलेन.

तुझी, मजेत असलेली,
शीदे