पट्ट्याचा सांधा

महाड,
शिमग्याला बारा दिवस राहिलेत

प्रिय रावजी,

बावीस वर्षांनी माझं अक्षर बघून हे पाकीट चुलीत घालावंसं वाटेल तुला. घाल, पण वाचून घाल. फोन केला असता, पण कुडपणात रेंज मिळेपर्यंत माझा धीर सुटतो, आणि मिळालीच तर तू ‘जाऊ दे रे’ म्हणून ठेवून देशील. तेच मला नको आहे.

मी दमलोय, रावजी. मानेला कॉलर लावलीय. तीस वर्षं स्टेजवर मुंडी हलवल्याचं हे बक्षीस, असं डॉक्टर म्हणाले, आणि हसलेही नाहीत. दिवसभर बॅटरीच्या दुकानात बसतो, दोन-तीन महिन्यांतून एखादा कार्यक्रम करतो. आपला ‘घणाघात’ बँड अजून आहे, एवढंच. तिघांतला मी एकटाच उरलोय. प्रितमनं बेस गिटार विकून पुण्यात संसार थाटला. आता माझ्याबरोबर वाजवणारे आपली पहिली कॅसेट निघाली तेव्हा जन्मलेही नव्हते. मला काका म्हणतात आणि अ‍ॅम्प्लिफायर उचलू देत नाहीत.

यंदा त्या कॅसेटला तीस वर्षं होतात, म्हणून ती नव्यानं काढायची ठरलीय. त्यामुळे सारखी गिरण आठवते. पोलादपुरातली बाबांची भाताची गिरण. तिच्या धडधडीत आपलं थ्रॅश मेटलचं सुसाट, दणदणीत रॉक संगीत कोणाच्या कानावर जायचं नाही, म्हणून आपण तिथंच सराव करायचो. तू कुडपणाहून भाताची पोती घेऊन उतरायचास आणि भात भरडून होईपर्यंत ड्रम बडवायचास. गिरणीच्या पट्ट्याला जोड दिलेला होता; तो सांधा चाकावरून जाताना दर फेरीला टक्क वाजायचा. त्या टक्कवरच तू सगळी गाणी बसवलीस. कॅसेटसुद्धा गिरण चालू ठेवून भरली, कारण पट्टा थांबला की ‘माझा हात चालत नाय’ म्हणायचास. गिऱ्हाइकांना वाटायचं, यंत्र बिघडलंय. कोंड्यानं माखून घरी जायचो, आणि काय खूश असायचो रे आपण!

मग आठ वर्षांनी मुंबईचा तो स्टुडिओ. तिथं पट्टा नव्हता. काच होती, आणि काचेपलीकडे सारखा घड्याळ बघणारा माणूस. चार वेळा गाणं विस्कटलं. तू हळूच म्हणालास, ‘शरद, तू फुडं पळतोस रे.’ माझं टाळकंच सटकलं. गिरण माझ्या बापाची, बँड माझा, आणि तू मला शिकवणार? परतताना वडखळला चहा पिता पिता मी तुला सांगून टाकलं, तुला ताल राहत नाही, सगळ्यांचं हेच मत आहे. सगळ्यांचं म्हणजे कोणाचं? प्रितमला मी विचारलंही नव्हतं. तू ग्लास खाली ठेवलास आणि ‘बरं’ म्हणालास.

त्यानंतर चार अल्बम झाले, पार बंगळुरूपर्यंत जाऊन वाजवून आलो. ड्रमवाले सात झाले. सातही जण कधी ना कधी तुझंच वाक्य बोलले, आणि बोलले की मी त्यांना बदललं. मुलाखतीत मात्र माझं एक वाक्य ठरलेलं असायचं, की आमच्या पहिल्या ड्रमरला ताल राखता येईना. लोक हसायचे. मीही हसायचो.

मागच्या महिन्यात महाडला डोळ्यांच्या दवाखान्यात तुझी आई भेटली. साळूबाईंनी मला नुसत्या आवाजावरून ओळखलं. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, शिमग्यात पालखीपुढचा ढोल अजून तुमच्याच घराकडे ना? म्हणाल्या, ‘मान घराचाच हाय बाबा, पन रावजी काठीला हात लावत नाय. पुतन्या वाजवतो. ह्यो म्हनतो, माझा ताल गेलाय, देवाफुडं चुकीचं वाजवू नये.’ कधीपासून, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. त्यांना एसटीत बसवून दिलं आणि दुकान न उघडताच घरी गेलो.

परवा गंधारनं, आमच्या आताच्या, आठव्या ड्रमरनं, ती कॅसेट संगणकावर घेतली. पट्ट्याची टक्क तिच्यात अजून ऐकू येते. त्यानं पडद्यावर टक्कच्या रेघा दाखवल्या आणि त्यांच्याखाली तुझे ठोके. आठ गाणी, रावजी, आणि एक ठोका रेघ सोडून नाही. पुढे पळतेय ती माझी गिटार. गंधार माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘काका, ड्रम बरोबर आहेत,’ आणि चहा आणायला निघून गेला. ‘सगळ्यांचं मत’ खोटं होतं, हे मला वडखळलाच माहीत होतं. चूकसुद्धा माझीच होती, हे आता कळलं, आणि तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटते. नव्या कॅसेटच्या वेष्टनावर हे सगळं छापायला दिलंय, पण कुडपणात ते कोण वाचणार? म्हणून शिमग्याला मी येतोय. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की गावासमोर उभा राहून सांगेन, रावजीचा ताल कधीच गेला नव्हता, मी खोटं बोललो. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. माझं बोलून झालं की पुतण्याच्या हातातली काठी तेवढी घे. मी मागे गप्प उभा राहीन. टाळ्याही वाजवणार नाही. त्याही पुढे पळायच्या.

तुझाच,
शरद