काकाला मुलं किती

पप्पा, परवा कांदिवलीच्या दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरने काकाबद्दल विचारलं, "अंकलना मुलं किती?" काकाला खाली सूज आलीय, ऑपरेशनआधीची तपासणी चालली होती. डॉक्टर म्हणाला, "नसबंदी झालीय ना यांची? जुनी दिसते." काकाला ओठ वाचता येतात, पण डॉक्टरच्या तोंडावर मास्क. म्हणून काकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आई गेल्यापासून जगाचं बोलणं त्याच्यापर्यंत मीच हातांनी पोचवते. मी डॉक्टरला म्हटलं, "मुलं नाहीत. लग्नच झालं नाही." तो हसला. "मग नसबंदी कशाला केली?" काका अजून वाट बघत होता. मी त्याला खुणेने सांगितलं, डॉक्टर तुझं वय विचारतोय. इतकी लाज वाटली ना पप्पा, की त्याची चप्पल पायात सरकवायला खाली वाकले ती वर बघवेना.

तुम्ही जाऊन आता किती वर्षं झाली, पण तुमचा आणीबाणीतला चेहरा मला अजून दिसतो. वरून हुकूम आला होता, प्रत्येक मास्तराने नसबंदीच्या केसेस आणायच्या, नाहीतर पगार बंद. केस म्हणायचे, माणूस कोणी म्हणत नव्हतं. शाळा सुटली की तुम्ही पोरांच्या बापांना गाठायला मालाडभर फिरायचात, आणि तुम्हाला लांबून पाहिलं तरी ते मागच्या दाराने पळायचे. आई विचारायची, "मिळाला काय कोण?" तुम्ही ताटावर बसायचात आणि न जेवता उठायचात. मग एका सकाळी तुम्ही काकाला धुतलेला शर्ट घालायला लावलात. तो तेव्हा पंचविशीचा. सुतारकामात त्याचा हात असा झकास की लोक मार्व्यापासून बोलवायला यायचे. खरं तर ज्यांना मुलं झालीत त्यांचं ऑपरेशन करायचं, पण नसबंदीच्या कॅम्पात कोण विचारतंय? मुका-बहिरा आहे म्हटलं की झालं. तुम्ही त्याच्या पोटावर हात ठेवून खुणेने सांगितलंत, इथे दुखतं ना, ते बरं करू. दुखायचंच त्याला अधूनमधून. तो तुमचा हात धरून गेला. परतला तेव्हा पाय फाकवून चालत होता, आणि कॅम्पात मिळालेला तुपाचा डबा पोटाशी धरून हसत होता. आईने त्या तुपात रव्याचे लाडू केले. मी खाल्ले, मागून मागून खाल्ले.

पुढे दोनतीन वर्षांनी मनोरीहून स्थळ आलं. काका त्यांच्याकडे दारं बसवायला जायचा, तिथेच घरच्या मुलीशी जमलं. ती एका पायाने थोडी लंगडायची, बोलायची मात्र तुफान, आणि महिन्याभरात आमच्या घरातल्या सगळ्या खुणा शिकली. काकाने तिच्यासाठी नवी खूण काढली होती, होडी डुलते तसा तळहात डुलवायचा. दिवसभर हात डुलवत फिरायचा आणि आई चिडवायची, "भावजी, होडी बुडेल हां!" तुम्ही पेपरात डोकं घालायचात. चर्चमध्ये पहिल्या रविवारी मिस्साच्या शेवटी दोघांची नावं वाचली, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. तीन रविवार वाचतात. दुसऱ्या रविवारी मिस्सा सुटल्यावर तुम्ही फादरांच्या खोलीत गेलात आणि सांगितलंत, माझ्या भावात दोष आहे, त्याला मूल व्हायचं नाही. मुलीला अंधारात ठेवायचं पाप तुम्हाला नको होतं. इथपर्यंत मी तुम्हाला माफ करते, खरंच. पण तो दोष त्याच्यात कुणी घातला, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

त्याच संध्याकाळी मुलीचा बाप आला. अंगणातच उभा राहून ओरडला, "आधी सांगायला तोंड शिवलं होतं काय, मास्तर?" तुम्ही म्हणालात, "आम्हालाच आत्ता कळलं." काका पायरीवर बसून कधी तुमचे ओठ बघतोय, कधी त्याचे. तो माणूस गेल्यावर काकाने तुमची बाही ओढली. तुम्ही त्याच्या पोटाखाली बोट दाखवलंत, मग वर आभाळाकडे. देवाने तुला असंच केलंय. अहो पप्पा, देवावर? काका बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला. आत आईने तुमच्यासमोर पातेलं आपटलं. "तुम्हीच नेलंत ना त्यांना कॅम्पात?" तुम्ही म्हणालात, "नोकरी गेली असती. आणि झालं ते बरंच झालं. मुक्याची पोरं मुकीच निघायची. घरात एक आहे तेवढा पुरे." आई म्हणाली, "भावजींचे कान तापात गेले, लहानपणी. पोटातून नाही आणलंन त्यांनी." तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. त्या तापात तुम्हीच त्याच्या उशाशी बसला होतात. मी पीठ मळत होते, मला सगळं ऐकू आलं.

काल मी काकाला सांगितलं. आता सत्तरी कधीच उलटली त्याची, आयुष्यभर स्वतःला देवाने अर्धवट सोडलेला समजतोय. माझं पोर मांडीवर घेतानासुद्धा आधी माझी परवानगी मागायचा. कॅम्पाला आमच्यात खूण नाही, लिहायला हात धजेना, म्हणून मी शर्ट, तुपाचा डबा, पाय फाकवून चालणं, असं सगळं करून दाखवलं. त्याला समजलं. तो रागावला नाही, रडला नाही, नुसता तळहात बघत बसला. मग त्याने तुमची खूण केली, हवेत खडू ओढल्यासारखी, आणि मूठ छातीशी धरून थरथरवली. भाऊ घाबरला होता?

मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण तेवढंच नव्हतं, आणि उरलेलं मी सांगितलं नाही. त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि तुमच्या फोटोवरची धूळ बाहीने पुसली. काकाला दुखू नये म्हणून गप्प बसले असं कुणी म्हणालं, तर मला बरं वाटेल. पण मी तुम्हाला वाचवलं, पप्पा. आणि वाचवताना मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

हे पत्र तुमच्या थडग्यावर दगडाखाली ठेवीन असं ठरवलं होतं. पण ते थडगं दर रविवारी झाडतो काका, आणि त्याला वाचता येतं. लग्न मोडल्यावर तुम्हीच शिकवलंत त्याला, रोज संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या लादीवर खडूने.