कान तुटलेला कप

प्रिय मयूरी,

गोठ्याच्या कोनाड्यात तू तो कान तुटलेला कप धुऊन पालथा घातलास, त्या क्षणी माझं डोकं फिरलं ते आजतागायत ठिकाणावर नाही. मार्चमधली दुपार. आप्पांना अर्धांग झालं तरी मी, पोटचा पोरगा, कडेगावला घरी फिरकलो नव्हतो. आई फोनवर रडली म्हणून आलो. दवाखान्यातली एक नर्स रोज पाठीच्या जखमा बांधायला येते, एवढंच तिनं सांगितलं होतं. ती तू असशील, हे स्वप्नातही नव्हतं. तू आप्पांना कुशीवर वळवलंस, खालची घाण काढलीस, पट्टी बांधलीस. कामापुरती आत, चहा मात्र बाहेर, गोठ्यापाशी, त्या वेगळ्या कपात. आणि तू प्यालीस! वर "आलं लय झकास पडलंय, काकी," म्हणालीस.

ह्याच आप्पांनी मागच्या वर्षी, आपल्या दोघांचं कळल्यावर, भर अंगणात तुला सुनावलं होतं, "किरिस्तावाची पोर आमच्या उंबऱ्याच्या आत नको." त्यापायी मी घर सोडलं, सांगलीचं कॉलेज दुसऱ्याच वर्षी सोडलं, गॅरेजात हात काळे केले. आणि तू मला न सांगता त्याच माणसाची पाठ पुसत होतीस!

मी कप दगडावर आपटला. वाटलं, आता तरी तुझ्या डोळ्यांत माझ्यासाठी काही दिसेल. तू खाली बसून खापऱ्या वेचल्यास, गाईच्या पायात जातील म्हणून. दुसऱ्या दिवशी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला आणलास. आईला अवघडायला नको म्हणे! मी भांडलो तर म्हणालीस, "कप फोडाय काय लागतं रं? आप्पांची पाठ पुसून दाखव."

तुझी हीच खोड. एकदा तरी प्रवचन झोडलं असतंस तर भांडायला सोपं गेलं असतं. एका गालावर बसली की दुसरा पुढं करायचा, हेच ना तुमचं, असं मी टोचून बोललो. तर म्हणे, "येशूनं पाय धुतले तवा घात करणारा तिथंच बसला व्हता. त्याचं बी धुतलं. तो कापूस दे हिकडं." बास, एवढंच! मला राग येतो तुझ्या देवाचा. मी तुझ्यापायी सगळ्यांशी वैर घेतलं, आणि तुझ्या मायेत मी आणि आप्पा एकाच पंगतीला? रविवारी चर्च सुटलं की तू थेट आमच्या घरी; मी इथं सांगलीत फोन हातात धरून बसलेला.

आणि आता हा कहर. साताऱ्याला नोकरी लागली, गेलीस, चांगलं झालं. पण जाताना मला न विचारता आईला सांगून गेलीस, "सोमवारपास्नं वीरधवल करंल सगळं." तू कोण मला कामाला लावणारी? वर्षभर मी त्यांना आप्पा म्हणून हाक मारलेली नाही. तोंड वाकडं झालंय, जीभ उचलत नाही, पण नजर तीच. त्या पाठीला मी हात लावू? कडेगावला जाणार नाही, हेच कळवायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. खरंच सांगतो.

मघाशी आईचा फोन आला. "पोरगी तिचा पेला इसरून गेलीया. म्या घासून आपल्या मांडणीवर ठेवलाय, आपल्या भांड्यात. कवा येनार रं ती?" पेला आत गेला, मयूरी, आणि तू साताऱ्यात! मी फोडाफोडी करून काय मिळवलं? तुझा राग येतोय, आईचा येतोय, सगळ्यात जास्त माझा. आज सोमवार. कापूस आणि पट्ट्या कालच आणून ठेवल्यात. का आणल्या ते विचारू नकोस. जखम कोमट पाण्यानं धुवायची का गार, ते एसटीतून तुला फोन करून विचारीन. आणि कुशीवर वळवताना त्यांना कुठं धरायचं, तेही. कडेगावची साडेसहाची एसटी आहे. चपला पायात आहेत. पत्राचं पाकीट वाटेत पोस्टात टाकीन. पेन ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच, अजून धुमसत असलेला,
वीरधवल