पुढची खोली वर्गाची, मागची पुतण्याची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय बालवर्गाची बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनवर पोहोचले तेव्हा ते स्वतः एकावन्नवर अडकले होते. दाखल्यात त्यांनी 'शाबूत'चा 'बू' ऱ्हस्व लिहिला होता, तो मी दुरुस्त करून घेतला.

१. राहते घर, पुढची खोली. हे घर मी आणि माझ्या यजमानांनी मिळून बांधले. आम्हांला मूलबाळ नाही असे लोक म्हणतात. माझ्या हजेरीपटावर अकराशे चार आहेत.

या खोलीत वर्ग कसा आला ते सांगणे भाग आहे, कारण उद्या त्यावरून वाद होणार. मी आधी शाळेत नोकरीला होते. कुंभारीणबाई दर सोमवारी मळलेली माती आणून द्यायच्या आणि मुले तिची वळकटी करून अक्षरे वळायची. एकदा तपासणीला साहेब आले.

"पाट्या कुठे आहेत?"

"आधी माती, साहेब. बोटाला वळण कळलं की पेन्सिलीला कळतं."

"ही शाळा आहे की कुंभाराचं अंगण?" असे म्हणून ते माझ्या खुर्चीत बसले. खुर्चीवर 'ठ' वाळत ठेवला होता. साहेब उठून फळ्याकडे वळले आणि एकोणतीस मुले एका सुरात ओरडली, "ठ!"

तीन आठवडे त्या वर्गाला 'ठ' येत नव्हता. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. चूक झाली ती एवढीच.

साहेबांनी शेरा लिहिला: 'शिस्त नाही, चिखल आहे.' महिनाअखेर मी घरी बसले. आठ दिवस रडले. नवव्या दिवशी दारात हातगाडी उभी राहिली.

"बाई, नोकरी त्यांची होती," कुंभारीणबाई म्हणाल्या. "माती माझी आहे. कुठं उतरवू?"

मी पुढच्या खोलीकडे बोट दाखवले. पहिल्या सोमवारी सात मुले आली, तीन महिन्यांत चौतीस. म्हणून सदरहू खोली मी कुंभारीणबाईंच्या सुनेच्या नावे करत आहे. ती नऊ वर्षे माझ्याबरोबर शिकवते. चटई विणताना एक पट्टी वर, एक खाली करत मुलांना शंभरापर्यंत नेते आणि मुलांना वाटते आपण चटईच विणतोय.

२. मागची खोली माझ्या पुतण्याला. तो सुतार आहे आणि हाताने कुशल आहे. आकड्यांशी मात्र त्याचे वाकडे. लहानपणी मी त्याला वर्गात मागितले होते. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आमचं पोर मातीत लोळायला नाही पाठवायचं." त्याला छडीच्या शाळेत घातले. परिणामी त्याने पुढच्या खोलीच्या एकोणसाठ इंची कोनाड्यासाठी एकोणसत्तर इंची कपाट केले. ते बारा वर्षे ओसरीत आडवे पडून आहे. तेही त्यालाच.

तो मध्यंतरी म्हणाला, "काकू, पुढची खोलीही द्या ना, दुकान टाकतो." मी म्हटले, "आधी मोज." अट अशी: त्याने एक महिना चटईवर बसून कुंभारीणबाईंच्या सुनेकडे मोजणी शिकावी, मगच मागच्या खोलीचा ताबा घ्यावा. हयगय केल्यास तीही खोली वर्गाला जाईल.

३. बटणांची बरणी वर्गाला. माझे यजमान शिंपी होते. दहा-दहाच्या माळा करायला मी त्यांच्या डब्यातून बटणे उचलत असे. ज्या गिऱ्हाइकांच्या शर्टाला एक बटण कमी लागले, त्यांची मी येथे लेखी माफी मागते. यजमान जन्मभर उंदरांना दोष देत राहिले.

४. जुने हिशेब. अकरा वर्षांनी तेच साहेब नातीला घेऊन दारात आले. पेन्सिल पाहिली की पोर थरथरायची.

"बाई, हिला घ्याल का?"

"वर्ग भरलाय," मी म्हटले. फार गोड वाटले. ते दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्या घरी जाऊन पोरीला हाताला धरून आणले. महिनाभर तिने नुसते गोळे केले. मग एके दिवशी त्यातून 'म' निघाला, आणि तो घरी नेण्यासाठी तिने फ्रॉकच्या ओच्यात घेतला. साहेबांवरचा राग त्या दिवशी संपला, सबब तो कोणाच्या वाट्याला येत नाही. जाऊबाईंवरचा राग मात्र शिल्लक आहे. तो मी सोबत नेईन.

५. शेवटची सूचना. माझा फोटो भिंतीवर लावू नये, तिथे बाराखडी लागते. माझ्यासाठी वर्ग एक दिवसही बंद ठेवू नये. मुले विचारतील, बाई कुठे गेल्या? मोठ्या माणसांना अशा वेळी 'गावाला गेल्या' म्हणायची खोड असते. तसे म्हणू नये. पोरे दाराकडे बघत बसतात. सरळ सांगावे की बाई मेल्या. रडतील, रडू द्यावे. मग प्रत्येकाच्या हातात ओल्या मातीचा गोळा द्यावा आणि काय करायचे ते सांगू नये.

सही: बालवर्गाची बाई
साक्षीदार: १. डॉक्टर (माझ्या समक्ष, शुद्धलेखन तपासून)
२. शेजारचे पोस्टमन
स्थळ: घराची ओसरी, कपाटाशेजारी
दिनांक: १४ जून २०२५, शनिवार, वर्ग सुटल्यावर