दोन आखूड, एक लांब

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे, मीही आहे. हातात फोन असताना हा कागद-पेन कशाला काढला म्हणशील, तर ऐक. मालकांनी आम्हा सगळ्या ट्रक ड्रायव्हरांना नवे फोन दिलेत. गाडीत बसलं की तो काचेजवळच्या खोबणीत अडकवायचा आणि बंद करायचा नाही. शिवाय आरशाच्या वर कॅमेरा बसवलाय. त्याचा लाल दिवा दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत असतो. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे म्हणाले. इतकी वर्षं माझ्या सुरक्षेची कुणाला पडली नव्हती, आताच हे प्रेम कुठून उतू चाललंय? कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणून म्हटलं, फोनवर काही बोलायला नको.

त्यात कडी म्हणजे शेजारच्या सीटवर आता एक चष्मेवाला साहेब बसतो. दिवसभर मुका. मी ब्रेक मारला की मात्र कंठ फुटतो, का मारला म्हणून विचारतो. मी सांगतो लहर आली. तेही बिचारा मान डोलावून टिपून घेतो. यार्डासमोर एक टायरवाला आहे, त्याचं म्हणणं असं, की गाड्या आपोआप चालायला शिकताहेत आणि त्यांची शिकवणी आम्हीच घेतोय, तीही फुकट. मी त्याला वेड्यात काढलं. पण यार्डाच्या मागे ताडपत्रीखाली दोन नव्या गाड्या उभ्या आहेत. परवा वाऱ्याने ताडपत्री उडाली तेव्हा डोकावून बघितलं. केबिन आहे, दार आहे, पण आत स्टिअरिंग नाही गं. सीटच्या जागी लोखंडी कपाट आहे. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

आता मुद्द्याचं. विनाकारण हॉर्न दिला तर ती चूक धरतात, आणि चुका साचल्या की रस्त्यावरून उठवणार आहेत. माझी चूक तर ठरलेलीच आहे. आपल्या घरासमोरच्या वळणावर बाबा द्यायचे तसाच हॉर्न मी देतो, दोन आखूड, एक लांब. आई फाटकाशी येते, हात वर करते, मी हात करतो, संपलं. एवढं झालं नाही तर तिला दिवसभर चैन पडत नाही. चष्मेवाल्याने आठ्या घातल्या. घालू दे. हॉर्न मी सोडणार नाही. पण रस्ता गेला तर मी काय करायचं, हे मला खरंच सुचत नाही. गाडी चालवण्याखेरीज मला काही येत नाही, हे तुला सांगायला नको.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. उत्तर टायरवाल्याच्या दुकानावर टाक, पत्ता पाकिटावर आहे. आणि हो, तुझ्या त्या नव्या ऑफिसात तू नक्की काय करतेस? विचारलं की हवापाण्याच्या गप्पा सुरू करतेस.

माया असू दे, आणि फोनवर तोंड सांभाळ.

तुझा दादा


ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घरमालकिणीने दाराखालून सरकवलं तेव्हा मला वाटलं भाडं थकलं की काय! तुझं अक्षर अजून खड्ड्यातून गाडी गेल्यासारखंच आहे. दोनदा वाचलं तेव्हा कुठे कळलं.

अरे, इतका काय संशय घेतोस? आजकाल सगळीकडे कॅमेरे असतात. आमच्या ऑफिसच्या जिन्यात आहे, चहाच्या यंत्रावरसुद्धा आहे, चहा काय पळून जाणार आहे? माझं काम विचारतोस तर सांगण्यासारखं काही नाही. एका लांबलचक खोलीत आम्ही बायका-पुरुष ओळीने बसतो, कानाला लावायचं ते लावतो आणि पडद्यावर रस्त्यांची चित्रं बघतो. सायकल दिसली की तिच्याभोवती चौकट काढायची, माणूस दिसला की माणसाभोवती. संध्याकाळी डोळे मिटले तरी चौकटीच दिसतात. बाकी ऑफिसातलं बाहेर बोलायचं नाही असं लिहून घेतलंय, म्हणून गप्प बसते.

हॉर्नची चिंता करू नकोस. त्यावरून तुला कुणी काही म्हणणार नाही, बघशील तू. आईसाठी तो देत राहा. फक्त चालवता चालवता खात जाऊ नकोस, आणि ती काठ फाटलेली तपकिरी टोपी आधी फेकून दे. लग्न तर तू त्या गाडीशीच लावून बसलायस, निदान नवरदेवासारखा दिस.

राग नको, लोभ हवा.

तुझी ठकू


ता. ७ मार्च

चि. ठकूस, आशीर्वाद.

टोपी मी गेल्या महिन्यात घेतली. तू लिहिलंस तेव्हा काठ फाटून आठवडाही झाला नव्हता. घरी ती घालून मी गेलेलोच नाही, आणि फाटकातून आईला उंच केबिनमधला माझा फक्त हात दिसतो. टायरवाल्याला विचारलं, तू त्याला ओळखतही नाहीस. मग तुला कुणी सांगितलं?

दुसरं. या महिन्याचा चुकांचा कागद आला. ओव्हरटेक धरलाय, पट्टा उशिरा लावला तेही धरलंय. हॉर्न एकदाही धरलेला नाही. बाकीच्या ड्रायव्हरांचे हॉर्न मोजून काढलेत, आणि माझ्यावर ही मेहेरबानी. तू आधीच छातीठोक लिहिलंस की कुणी काही म्हणणार नाही. तुला कसं ठाऊक?

मी दोन दिवस त्या लाल दिव्याकडे बघत गाडी चालवली. डोक्यात नको ते येत होतं. माझी बहीण तसलं काही करणार नाही असं म्हणायचो आणि परत टोपी आठवायची. चष्मेवाल्यावर माझा संशय होता तोवर बरं चाललं होतं. आता सरळ विचारतो, सरळ सांग. त्या दिव्याच्या पलीकडे तू बसतेस का?

दादा


ता. १५ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

हो. बसते.

पण मी होऊन बसले नाही रे. चौकटी काढायचं काम खरंच होतं. जानेवारीत आमच्या ओळीला केबिनमधली चित्रं द्यायला सुरुवात झाली. कुठल्या कंपनीची, कोण ड्रायव्हर, काही सांगत नाहीत. तोंडं पुसट केलेली असतात. एक दिवस कानात हॉर्न आला, दोन आखूड, एक लांब. माझे हात तिथेच थांबले. पुसट तोंड, वर टोपी, आणि काचेतून आपलं फाटक. फाटकाशी आई. मी शेजारणीला डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून सांगितलं.

हॉर्न ऐकला की पडद्यावर तीन पर्याय येतात. विनाकारण, सवयीने, गरजेचा. पहिले दोन चुकीत जातात. तुझा हॉर्न आला की मी गरजेचा दाबते. दर वेळी. आमचं काम तपासणाऱ्या बाईंनी एकदा हटकलं की रस्ता मोकळा दिसतोय, मग गरज कसली? मी म्हटलं, झाडाआड फाटक आहे, तिथून एक म्हातारी बाई बाहेर येते. यात खोटं काय होतं सांग. बाईंना ते इतकं पटलं की त्यांनी ती जागा हॉर्न गरजेचा म्हणून नकाशात पक्की करायला लावली.

तुझ्या चित्रांवरून त्या गाड्या शिकताहेत हे खरं आहे. टायरवाल्याला वेड्यात काढू नकोस. मला आधी कळलं नाही, आणि कळल्यावर तुला सांगायची हिंमत झाली नाही. नोकरी सोडून द्यावी असं रोज वाटतं. मग वाटतं, माझ्या जागी दुसरं कुणी बसलं तर तुझा हॉर्न विनाकारणमध्ये जाईल आणि तू रस्त्यावरून उठशील. तुला वाचवायला बसलेय असं मी स्वतःला बजावत असते. म्हणूनच घरी यायचं टाळते. आईच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलणं मला जमत नाही.

दादा, शिव्या दे, पण मला त्या चष्मेवाल्याच्या पंगतीत बसवू नकोस.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ठकू


ता. २ जुलै

चि. ठकूस, आशीर्वाद.

मध्ये पत्र लिहिलं नाही, लिहिण्यासारखं राहिलं नव्हतं. लांबच्या रस्त्यावरून आम्हा सगळ्यांना उठवलं. चुका कमी असलेले आणि जास्त असलेले, सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच खोलीत बोलावून. म्हणजे चुका मोजायचं ते सगळं नाटक होतं. मला यार्डातलं काम देत होते. त्या बिनमाणसाच्या गाड्या यार्डाच्या फाटकापर्यंत आपल्या आपण येणार, आणि आतल्या अरुंद जागेतून मी त्यांना रिमोटने माल उतरवायच्या धक्क्याला लावायचं. म्हणजे गाडीने देश बघून यायचं आणि मी तिचा हात धरून तिला घरात न्यायचं. जमणार नाही म्हणून सांगितलं आणि घरी आलो. आरामात आहे. खातो, झोपतो.

आता तुझ्या मेहेरबानीचं फळ ऐक. मागच्या आठवड्यापासून त्या गाड्या आपल्या घरावरून जायला लागल्यात. पहिल्या दिवशी दुपार कलताना मी खाटेवर पडलो होतो, आई धान्य निवडत होती. हॉर्न झाला. दोन आखूड, एक लांब. अगदी माझाच हात! आई सूप टाकून उठली, मी समोर पडलेला असताना उठली, आणि फाटकाशी जाऊन हात वर केला. गाडी हळू झाली आणि तिच्यासमोरून निघून गेली. आत लोखंडी कपाट.

आता हे रोजचं झालंय. काल तर तिने कहर केला. फाटक ओलांडून सरळ गाडीपुढे जाऊन उभी राहिली. गाडी थांबली, एवढं कबूल करतो. ही पुढे जाऊन दारावर थापटायला लागली, उतर म्हणून दटावायला लागली. मागे गाड्यांची रांग लागली. मी अनवाणी धावलो, दंडाला धरून तिला आत आणली. आपली बादलीपण रस्त्यात लोळत होती, ती तिथे कशी गेली देव जाणे. ठकू, आईचं डोकं फिरत चाललंय आणि त्याला तुझं ते बटण कारण आहे. मला वाचवायला गेलीस आणि माझा हॉर्न त्या डब्याला देऊन बसलीस. तो काढून टाक. म्हातारी एक दिवस चाकाखाली जाईल.

दादा


ता. ११ जुलै

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच ते चित्र माझ्या पडद्यावर आलं होतं. गाडीच्या डोळ्यातून दिसणारी आई. तोंड पुसट, हात वर. मागून धावत येणारा तू, तुझंही तोंड पुसट. खाली प्रश्न होता, या जागी हॉर्न गरजेचा आहे का. मला आईभोवती चौकट काढावी लागली रे. तुझ्याभोवतीही.

मी ‘विनाकारण’चं बटण दाबलं. बाईंना सांगितलं की हॉर्नमुळेच ती बाई रस्त्यावर येते. त्यांनी जागा नकाशातून काढली. आता गाड्या मुकाट जातील. बाबांचा हॉर्न होता तो, माझ्याच हाताने पुसला. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत आणला.

आईला दवाखान्यात ने. आणि जमलं तर मला माफ कर.

तुझी ठकू


ता. २६ जुलै

चि. ठकूस, आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्हा दोघांना वाटतं म्हातारीला काही कळत नाही. तुझा भाऊ तुझी पत्रं आणि स्वतःच्या पत्रांचे कच्चे कागद उशीखाली ठेवतो आणि उशी मीच झटकते. सगळी वाचली. माझं डोकं फिरलंय हेही वाचलं. दवाखान्यात न्यायला निघाला होता, म्हटलं आधी स्वतः आंघोळ कर, मग मला ने.

पहिल्या दिवशी मी फसले, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप उचलले. पण एकदाच. आत माणूस नाही हे न दिसायला मी काही आंधळी नाही. मग रोज का गेले ते तुला सांगते, त्याला सांगू नकोस. घरी आल्यापासून पोरगा खाटेवरून उठत नाही. आरामात आहे म्हणून तुला लिहितो, कसला आराम? तोंड भिंतीकडे, दाढी वाढलेली, ताट पुढे केलं तर दोन घास. बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, रडूनसुद्धा पाहिलं. काही उपयोग झाला नाही. पण तो हॉर्न वाजला आणि मी फाटकाकडे निघाले, की हा धडपडत उठायचा आणि माझ्यामागे यायचा. म्हातारी चाकाखाली जाईल म्हणून. मग तेवढ्यापुरता फाटकाशी उभा राहून मला चार शब्द बोलायचा. रागाचे का होईना, बोलायचा.

चार-पाच दिवसांतच तो फाटकापर्यंत यायचाही कंटाळा करायला लागला, दारातूनच हाका मारायचा. म्हणून मला रस्त्यावर जावं लागलं. घाबरू नकोस. तुमच्या त्या गाडीवर माझाही विश्वास नाही. आधी बादली घरंगळत सोडली, गाडी बादलीला थांबते हे बघितलं, मगच पुढे गेले. आणि काय धावला गं! कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी भांडलासुद्धा, बघत काय बसलात म्हणून. त्या दिवशी दोन वेळा पोटभर जेवला.

तू बटण दाबलंस, तुझ्या जागी बरोबरच केलंस. पण आता गाड्या गुपचूप जातात आणि हा दिवसभर भिंत बघतो. काल तर दुपार कलताना कान देऊन पडला होता. मला वाटलं आता उठेल. हॉर्न झालाच नाही. पुन्हा कूस बदलली. मला फार भीती वाटते ठकू.

हॉर्न परत लाव म्हणणार नाही, तुझी नोकरी जाईल. पण माझ्या डोळ्याला डोळा देता येत नाही म्हणून तू घर टाकलंस, ते आता पुरे कर. सगळं वाचलंय, आता लपवायला तुझ्याकडे काही उरलेलं नाही. रविवारी ये. मात्र नीट ऐक. आत येऊ नकोस. पिशव्या खाली ठेव, फाटकाशी उभी राहा आणि दादा म्हणून मोठ्याने हाक मार. मारत राहा. मी बहिरी झाल्याचं सोंग घेऊन आत बसणार आहे. फाटकाला आतून कडी घालून ठेवते, ती काढायला त्यालाच उठावं लागेल.

लवकर निघ, उन्हाच्या आत पोच.

तुझी आई