गेटचे सत्तेचाळीस उपयोग

३ नोव्हेंबर, सोमवार. रुवैस, अबुधाबी.
आमच्या परांची बांधणाऱ्या गँगला नवा फोरमन नेमणार! तेरा तारखेला सकाळी टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीचं सेफ्टीचं भाषण, हीच परीक्षा. उमेदवार दोन: मी आणि रूममेट शौकत. शौकतची इंग्रजीच्या नावाने बोंब. म्हणजे मीच.

४ नोव्हेंबर
अख्खं इंग्रजी शिकायला वेळ नाही. मोबाइलवर इंग्रजी शिकवणारा व्हिडिओवाला म्हणतो, एकटा ‘गेट’ हा शब्द आला की निम्मी भाषा खिशात. सत्तेचाळीस उपयोग! वही आणली. पहिला, गेट म्हणजे मिळणे, अगदीच बालवाडीतला. सोडला. थेट अवघड धरले. रोज दहा.

६ नोव्हेंबर
रोज चार. दहाने डोकं तापतं. मेसमधल्या अक्रमला ‘गेट मी दाल’ म्हटलं. आणली! शौकत म्हणतो, तो सगळ्यांनाच आणतो. जळतोय.

८ नोव्हेंबर
मॅनेजरसाहेबांना ‘गेट वेल सून’ म्हटलं. आजारी नव्हते, पण शुभेच्छा वाया थोड्याच जातात? त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. छाप पडली.

१० नोव्हेंबर
फोरमनलाही मिळतं तसं पांढरं हेल्मेट इंजिनिअरकडून पाच मिनिटं मागून घेतलं. फोटो विनिताला. तिने लगेच स्टेटस ठेवलं: ‘आमचे हे, फोरमन’. गावातून एकोणचाळीस अभिनंदनं. आता माघार नाही.

१२ नोव्हेंबर
रात्री दोनदा उठून वही चाळली. भीती नाही, मेसची भेंडी.

१३ नोव्हेंबर, दुपारी १
जिंकलो! बावीस माणसांसमोर नुसता धबधबा. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट गोइंग! सगळे माना डोलावत होते. साहेबांनी एकाला हिंदीत विचारलं, काय समजलं? तो म्हणाला, बहुत अच्छा बोला. आणखी काय हवं?
शौकत दोनच मिनिटं बोलला, तेही हिंदीत. तिसऱ्या मजल्याची फळी हलतेय, लाल टॅग लावलाय, चढू नका, पट्ट्याचा हुक लावा, यल्ला, चला कामाला. हे काय भाषण? हा तर निरोप! फळीचं मी सांगायचं राहिलं, पण तपशील माणसं बघून घेतात.

१५ नोव्हेंबर
शौकत.

१७ नोव्हेंबर
शौकतने पहिलाच हुकूम मला दिला. सोमनाथभाऊ, हुक लाव. लावला. त्याला पांढरं हेल्मेट शोभतं, मेल्याला.
संध्याकाळी घरी फोन. विनिता ते स्टेटस रोज नव्याने ठेवतेय. मी मेसच्या भेंडीचंच सांगत बसलो. मग लेकीने, ममताने फोन घेतला. इंग्लिश मीडियम, मराठीत बोलायचं नाव नाही. म्हणाली, पप्पा, डिड यू गेट इट?
वही उघडावी लागली नाही. पहिलाच उपयोग.
उत्तर मराठीत दिलं. नाही गं.