बेचाळीस जोड्या राजहंस

कुंभारगाव, ता. इंदापूर
पौष महिना, थंडी भरपूर

रा. रा. गेणबा दाजींना सोनबाचा रामराम. प्रयागअक्काचा गुडघा या थंडीत कसा आहे? तुमचा खोकला, तुमची मेंढरं, लासुर्ण्याची हवा, सगळं सविस्तर कळवा. आम्ही इकडे सुखात आहोत. (फोनवर एवढं निवांत बोलता येत नाही, आमचा पोरगा शंभूराज शेजारीच बसलेला असतो.)

दिवाळीत त्यानं कळप विकला, "आबा, आता आराम करा," म्हणाला, तेव्हापासून मी आरामच करतोय. आराम करून करून पाय आखडले. शेवटी साखरबाईनं मला सकाळचं उजनीच्या पाण्यावर पिटाळलं. तिथं गाळावर राजहंस उतरलेत. करडे, डोक्यावर दोन काळे पट्टे. होडीवाला लखन सांगतो, हिमालय ओलांडून येतात. (आपण कळप घेऊन कोकणात उतरायचो, त्याचं केवढं कौतुक करून घ्यायचो!)

गेलो होतो नुसता बघायला, पण बोटं आपोआप मोजायला लागली. माझी मोजणी तुम्हाला ठाऊक आहे, दोन-दोननं, जोडीनं. बेचाळीस जोड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी बेचाळीस, तिसऱ्या दिवशीही बेचाळीस. घरी येऊन चक्क दोन भाकरी खाल्ल्या. चौथ्या दिवशी एकेचाळीस जोड्या आणि एक सुटा! तीनदा मोजलं. भान न राहून मी मेंढरांना घालायची ती हाळी घातली, लांबलचक, घाटात घालायचो तशी. सगळा थवा उडाला. होडीतले पुण्याचे कॅमेरेवाले नुसते माझ्याकडे बघत राहिले. लखन काठाला येऊन म्हणाला, "आबा, पाखरं हायती ती. हाळी दिल्यावर येत न्हायती, जात्यात."

थवा उडाला म्हणूनच गवताआड राहिलेला तो एक दिसला. पंख ओघळलेला, म्हातारा. (म्हातारा की म्हातारी विचारू नका, मेंढराचं मी लांबूनच सांगितलं असतं.) त्याला एकट्याला सोडून पाय निघेना, म्हणून काठावर बसून राहिलो. दुपारी थवा परतला आणि त्याच्याच भोवती उतरला. पुन्हा मोजले. बेचाळीस भरल्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. कळपातलं एक कमी झालं तरी राखणाऱ्याला कळतं. माझा तर अख्खा कळप गेला, पण घरात कुणाला काही कमी झाल्यासारखं वाटलंच नाही. साखरबाईला सगळं सांगितलं, तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमास्नी मोजायला कायतरी लागतंय, दुसरं काय न्हाय." हिला उगाच काहीतरी वाटत असतं.

असो. मला मेंढरांची आठवण अजिबात येत नाही, हे अक्काला आवर्जून सांगा.

तुमचा,
सोनबा

ता. क. कळप विकला तेव्हा तुमच्याकडे धाडलेली काळ्या कानाची मेंढी कशी आहे? गाभण होती, म्हणून आपलं सहज विचारलं.

आणखी ता. क. लखन म्हणतो, होळीच्या सुमारास राजहंस परत जातात. मग मी काय मोजू, दाजी? तिचं एक कोकरू द्या. शंभूराजला सांगेन, दाजींनी गळ्यात मारलं.

दाजी, पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. कोकरं दोन द्या. ह्यास्नी जोडीनंच मोजता येतंय.
— साखरबाई